पाचवा डोळा

सोमवार, ३ सप्टेंबर

दवाखान्यातल्या नव्या नर्सने आज माझ्या बापाची नक्षी अंगात घातली होती.

हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं. व्याकरणाची चूक नाही. एकतीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, असती तर दिसली असती.

गेले होते रक्तदाब दाखवायला. केटलिन नावाची ही गोरी मुलगी दक्षिणेतल्या शहरातून येऊन तीन आठवडे झालेत, उन्हाने नाकाची सालं निघालीत. दंडाला पट्टा गुंडाळायला ती वाकली आणि तिच्या फ्रॉकवर मला आमचा झरा दिसला. पाण्याचे पाच डोळे एकाखाली एक, मधे तिरप्या रेघांची जाळी. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, पुन्हा पुन्हा तोच झरा.

"हा कुठून आणलास?"

"छान आहे ना, आँटी? ऑनलाइन मागवला. तुमच्या इथल्या आदिवासींचंच डिझाइन आहे म्हणे!" मग यंत्राकडे बघून तिचा चेहरा बदलला. "अहो, एकशे नव्वद झालंय. खोल श्वास घ्या बरं."

खोल श्वास म्हणे! झाडाच्या सालीवर विकायचं चित्र रंगवताना मी ते डोळे आधी काढते आणि मग वरून रेघा ओढून झाकते. न झाकलेले डोळे फक्त मेलेल्या माणसाच्या छातीवर आणि त्याच्या शवपेटीवर. ते बघत बघत तो वाट न चुकता पाण्यात परत जातो. आणि ही बया मढ्याची नक्षी घालून पोरांना इंजेक्शनं देतेय.

कहर म्हणजे चोराला नक्कलसुद्धा धड करता आलेली नाही. पाचव्या डोळ्याची रेघ खाली जुळवलेलीच नाही, डोळा उघडाच सोडलाय.

घरी येऊन दार लावून घेतलं. दिवसा दार लावायची आमच्याकडे पद्धत नाही. माझा कुत्रा बाहेरच राहिला आणि दार ओरबाडत बसला. त्याचं नाव बिशप. लठ्ठ आहे, आणि कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो म्हणून.

आजचं हे वेडंवाकडं अक्षर बघा.

मंगळवार, ४ सप्टेंबर

ग्लेनिसकडे गेले. ग्लेनिस माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, तिचं नाव आता घ्यायचं नाही. बहिणीची मुलगी म्हणजे माझीच, म्हणून ती मला आईच म्हणते. चित्रकेंद्र तीच चालवते. शिवाय ती या नक्षीची राखणदार आहे. नक्षी माझ्या बापाची, म्हणून काढायचा हक्क मला आणि माझ्या भावाला. तिला ती आईकडून आलेली. तिने कुंचला लावायचा नाही, पण आमच्या कुंचल्यावर नजर ठेवायची. तिने हो म्हटल्याशिवाय माझी साल केंद्राच्या दारात जात नाही. डोळे झाकले का, जाळी दाट आहे का, सगळं नाक लावून बघते. कधी कधी एक थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तिचं कामच ते आहे.

म्हणून तर फ्रॉकचं तिलाच विचारलं.

"फ्रॉकचं मला माहीत आहे, आई," ती म्हणाली. वर बघितलं नाही. गेरूची वाटी पुसत राहिली.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझं बीपी..."

"खड्ड्यात गेलं बीपी! न झाकलेले डोळे बाहेर कोणी दिले? गेल्या वर्षी तू त्या शहरातल्या बायकांना फोटो काढू दिले होतेस."

"टोपल्यांचे दिले होते. टोपल्यांचे!"

"मग हे कोणी केलं?"

तिने वाटी पालथी घातली. मग म्हणाली, "चहा टाकू?"

मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलताना बघितलंय. ज्याने काही केलेलं नसतं तो चिडतो. ज्याने केलेलं असतं तो चहाचं विचारतो.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

भावाच्या बायकोबरोबर गाडीतून झऱ्यावर जाऊन आले. पाणी उतरलंय. बाबा ज्या दगडावर बसायचे त्याच्या खाली आता हातभर चिखल, आणि चिखलात एक लांबमान्या कासव मरून पडलेलं. वहिनी म्हणाली, कोरडा ऋतू संपत आला की सप्टेंबरात उतरतंच पाणी. उतरतं, मलाही कळतं. इतकं उतरत नाही.

बाबा पाचवा डोळा काढताना श्वास रोखून धरायचे. कुंचला म्हणजे चारच केस, रेघ लांब, आणि ती जिथून निघाली तिथे जाऊन मिळेपर्यंत श्वास नाही. डोळा मिटला की मग सोडायचे. उघडा राहिला तर पाणी निघून जातं, म्हणायचे. आणि पाण्यामागून माणसं.

भाऊ खोकतोय. उशीवर रक्त दिसलं, असं वहिनीने जाता जाता सांगितलं. मी भावाला विचारू शकत नाही. अठ्ठावन्न वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोललेले नाही. भांडण नाही आमचं. वयात आल्यावर बहीण-भावाने समोरासमोर बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एवढंच. निरोप मधल्या माणसाकडून. अगदीच कोणी नसेल तर कुत्र्याला सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. बिशप यासाठी चांगला आहे. कान देऊन ऐकतो आणि मधे बोलत नाही. खऱ्या बिशपपेक्षा बरा.

किती फ्रॉक असतील? किती बायका ते न झाकलेले डोळे घालून दुकानात, बसमध्ये, पार्टीत फिरत असतील? जपमाळ घेतली. दहा मण्यांवर थांबले. मदर मेरीला काय सांगणार? तिला आमचा झरा माहीत नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

महिन्यातून एकदा फादर येतात ते आज आले. वेदीवर नायलॉनचा टेबलक्लॉथ. नायलॉनचा! माझ्या वेळी सिस्टर अलोयशियांनी कानफटात दिली असती. आम्हाला तेव्हा मिशनच्या वसतिगृहात ठेवत, घर दिसायचं कुंपणापलीकडे, पण आपली भाषा बोललं की तोंडात साबण. शिवण मात्र शिकवली, तीही उत्तम. मी नऊ वर्षांची असताना खऱ्या बिशपांच्या भेटीसाठी वेदीचं वस्त्र भरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, कडेने क्रूस भर आणि मधे तुमच्याकडचं काहीतरी छानसं काढ. सहा महिने बसले होते. अगदी शेवटी लाल दोरा संपला. सिस्टरकडे मागितला तर म्हणाल्या, राहिलेला हुतात्म्यांच्या सणाच्या लाल वस्त्रांसाठी ठेवलाय, आहे तसं सोड. बिशप काय खूश झाले! वस्त्र त्यांच्याबरोबर दक्षिणेत गेलं. माझ्या हातचं इथून बाहेर गेलेलं ते पहिलंच.

मधे काय काढलं होतं ते आता आठवत नाही. माझा सर्वांत धाकटा भाऊ त्याच वर्षी गेला. सिस्टरांनी बाबांना त्याची पेटी रंगवू दिली होती, आणि आम्हा पोरींना कुंपणातून बघू दिलं होतं. त्या वर्षातलं पुष्कळसं मला आठवत नाही.

प्रवचन वाईट होतं.

बुधवार, १२ सप्टेंबर

नदीपलीकडची माणसं आली. झऱ्याचं पाणी पुढे त्यांच्याकडे जातं, त्यांचाही हक्क आहे. म्हातारा डंकन दोन मुलांच्या आधाराने गाडीतून उतरला, पण आवाज तसाच. फ्रॉकची बातमी त्यांनाही लागलीय. बावीस तारखेला, शनिवारी, चिंचेखाली बसायचं ठरलं.

ज्याच्याकडून नक्षी सुटली असेल त्याने पाण्यावर पाऊल ठेवायचं नाही. आणि तो मेल्यावर त्याची पेटी कोरी. डोळे काढायचे नाहीत. त्याने आपलं बघून घ्यावं.

हा कायदा डंकनने सगळ्यांसमोर पुन्हा सांगितला. कोरी पेटी मी एकदाच बघितलीय, लहानपणी. ती ज्याची होती त्याला रस्ता सापडला नाही, तो अजून विमानतळाच्या रस्त्यावर लोकांना हाका मारतो. मी त्या रस्त्याने एकटी जात नाही.

वहिनीने विचारलं, तुला कोण वाटतं? मी म्हटलं, केंद्राची चावी कोणाच्या कमरेला असते?

वहिनी भावाला सांगेल. सांगायलाच पाहिजे होतं. रक्ताचं माणूस म्हणून पाठीशी घालायचं, ही कसली राखण?

गुरुवार, १३ सप्टेंबर

बातमी फिरली. दुकानात ग्लेनिस रांगेत उभी होती, तिच्या मागे पुढे जागा मोकळी. वहिनीच्या बहिणीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता काय बाई, शहरात बंगला बांधणार असतील लोक!" ग्लेनिसने पीठ घेतलं आणि गेली.

संध्याकाळी मासा घेऊन माझ्याकडे आली. नेहमीसारखी. खवले काढले, भाजला, काटे काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्या सुईत दोरा ओवून ठेवला, मला आता दिसत नाही म्हणून. ती म्हणाली, "आई, बावीस तारखेला तू नको येऊस. ऊन फार असतं."

मी येऊ नये अशीच तिची इच्छा असणार. माझ्यासमोर कबूल करायची लाज.

मासा चांगला होता. खाताना रडायला का आलं, कळलं नाही.

सोमवार, १७ सप्टेंबर

मी आज चोरी केली. शाळेत एखाद्या पोराने केली असती तर दिवसभर उभं केलं असतं.

ग्लेनिस केंद्रात नव्हती. तिची पिशवी खुंटीला होती. पुरावा हवा होता मला, काढला. कापड कंपनीचं पत्र. जूनमधलं! तीन महिन्यांपूर्वीचं. ग्लेनिसने त्यांना जाब विचारलेला दिसतो, त्याला हे उत्तर. दक्षिणेतला सिस्टरांचा एक मठ बंद झाला, जुनं सामान विकलं गेलं, त्यातल्या एका भरतकामावरून आम्ही 'प्रेरणा घेतली', असं लिहिलंय. सोबत फोटो.

पांढऱ्या कापडावर क्रूसांची कड. मधे पाच डोळे.

टाका माझा आहे. बाकी कोणाचा टाका मी ओळखणार नाही, पण माझा ओळखते, उजवीकडे कललेला, कारण डाव्या हाताने शिवलं की सिस्टर पट्टी मारायच्या आणि उजवा तेव्हा तयार नव्हता. पाचवा डोळा खालून उघडा. दोरा संपला तिथे.

फोटोच्या कोपऱ्यात कापडाची मागची बाजूही दाखवलीय. सिस्टर अलोयशियांचं अक्षर, त्याच वळणावर मी माझं घोटलं: *क्लोटिल्डा, वय ९.* म्हणजे मीच.

ग्लेनिसला जूनपासून माहीत आहे.

मंगळवार, १८ सप्टेंबर

काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, १९ सप्टेंबर

फोटो परत ठेवलेला नाही. गादीखाली आहे. सकाळी चुलीपाशी घेऊन बसले होते.

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. मनात असं आलं की ग्लेनिस बेचाळीसची आहे. तिच्या पेटीला अजून खूप वर्षं आहेत. तोवर लोक विसरतील, कोणीतरी म्हातारं दया करेल, तिला डोळे मिळतील. माझ्याकडे वर्षं नाहीत. केटलिन दर वेळी यंत्राकडे बघून श्वास घ्यायला सांगते. मी पुढच्या महिन्यात मेले तर पेटी कोरी, आणि मग मी त्या विमानतळाच्या रस्त्यावर, अंधारात, झरा कुठल्या दिशेला हेही न कळता.

नऊ वर्षांची होते. धाकट्या भावाच्या पेटीवर बघितलं तेच सगळ्यांत छान होतं, म्हणून काढलं. मला कोणी सांगितलं नव्हतं की नाही काढायचं. सांगणारे कुंपणाच्या बाहेर होते.

पण डंकनला हे सांगून काय उपयोग? पाणी वय विचारत नाही.

फोटो जाळला नाही. अजून.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

भावाला ताप. तरी उद्या बसणार म्हणे.

ग्लेनिसला रस्त्यात गाठलं. "तू उद्या काय सांगणार आहेस?"

"जे सांगायचं ते."

"माझ्या पिशवीतून... तुझ्या पिशवीतून काही हरवलंय का?"

तिने माझ्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला, मी लहान पोर असल्यासारखा. "राखणदाराने राखायचं असतं, आई. फक्त नक्षीच राखायची असते असं कोण म्हणालं?"

आगाऊ आहे. लहानपणापासून आगाऊ.

मला फार भीती वाटतेय.

शनिवार, २२ सप्टेंबर

गेले. ऊन होतंच.

चिंचेखाली पुरुष एकीकडे, आम्ही बायका दुसरीकडे. भाऊ खुर्चीत, पाठ आमच्याकडे, एवढ्या उकाड्यात अंगावर घोंगडी. डंकनने काठी जमिनीवर आपटली.

"राखणदार कोण?"

ग्लेनिस उठली. "मी."

"नक्षी कशी सुटली?"

"माझ्या राखणीत सुटली. माझं लक्ष कमी पडलं."

खोटं एक अक्षर बोलली नाही. मी असल्या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. मागून कोणीतरी म्हणालं, "लक्ष बरोबर होतं, पाकिटावर होतं!" आणि बायका हसल्या. त्यात वहिनी होती. हे हसू मीच त्यांच्या तोंडात घातलेलं.

डंकन म्हणाला, "मग तुला कायदा माहीत आहे, पोरी."

मी उठले. चिंचेच्या खोडाला धरून उभी राहिले. "बिशप," मी हाक मारली, "इकडे ये."

तो पुढेच बसला होता, उठून आला. लोक हसायला लागले. मी त्याच्याकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर जमलं नसतं.

"बिशप, नीट ऐक. तिने काही केलेलं नाही. ते डोळे मी काढले. सुईने. मिशनच्या शाळेत, नऊ वर्षांची असताना, बिशपसाठी. तुझ्यासाठी नाही, त्या दुसऱ्यासाठी. धाकट्याच्या पेटीवर बघितलेले. हे आहेत बघ." फोटो मी त्याच्यापुढे मातीत ठेवला. त्याने हुंगला. "पाचवा मिटला नाही, दोरा संपला. वर मी माझ्या मुलीवर आळ घेतला. पाच दिवस कळूनसुद्धा गप्प बसले, कारण मला कोऱ्या पेटीची भीती वाटते. अजून वाटते. झालं."

कोणी हसत नव्हतं. भावाची पाठ हलली नाही. मला वाटलं, आता तो उठून जाईल आणि मग सगळं संपलं.

तो खोकला. बराच वेळ. मग पाठमोराच म्हणाला, "बिशप. तिला विचार, दोरा कसा संपला?"

त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झालाय. माझ्या लक्षात होता तो पोराचा.

"बिशप, त्याला सांग, सिस्टरने दिला नाही. हुतात्म्यांसाठी ठेवला होता."

घोंगडीतून काहीतरी आवाज आला. खोकला होता की हसू, मला अजून कळलेलं नाही. "मग तिला सांग, आता मागून घे. मिटवायला पाहिजे ते. बाकीचं राखणदार ठरवेल. माझं काम नाही ते."

सगळे ग्लेनिसकडे वळले. तीही माझ्याकडे बघत नव्हती. मातीतला फोटो तिने उचलला, झटकला, आणि फार हळू म्हणाली, "कंपनीला कापड थांबवायला लावायचं. वेदीचं वस्त्र परत आणायचं. निघालेल्या प्रत्येक फ्रॉकवरचे डोळे हिने स्वतःच्या हाताने मिटवायचे. तोवर पाण्यावर यायचं नाही. आणि तोवर..." फोटो तिने पिशवीत ठेवला आणि वाक्य पुरं केलं, "...तोवर पेटी कोरी."

डंकनने काठी आपटली. 

बरोबर निकाल दिला तिने. मीही हाच दिला असता.

सोमवार, २४ सप्टेंबर

केटलिन सकाळी फ्रॉक घेऊन आली, धुऊन, इस्त्री करून. रडत होती. "मला माहीत नव्हतं, आँटी." मी म्हटलं, मलाही नव्हतं, आता नाक पूस आणि आधी माझा रक्तदाब बघ, मला काही महिने लागणार आहेत. तिने बघितला. आकडा सांगितला नाही.

केंद्रातून लाल दोऱ्याची सहा रिळं आणली. सगळी. यंदा हुतात्म्यांना काही मिळायचं नाही.

अंगणात बसलो, मी आणि ग्लेनिस. ती सुई ओवते, मी शिवते. पहिल्या झऱ्याच्या पाचव्या डोळ्याला श्वास रोखून धरला. शेवटच्या टाक्याला दोन्ही टोकं मिळाली तेव्हा सोडला. ग्लेनिसने नाक लावून बघितलं, उलट बाजूने बघितलं, आणि म्हणाली, "हं."

एका फ्रॉकवर झरा एकोणीस वेळा आहे. दुपारपर्यंत तीन झाले. बोटं सुजलीत.

"असे एकूण किती फ्रॉक निघाले, ग्लेनिस?"

ती सुई उन्हाकडे धरून दोरा ओवत होती. एकदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

"किती?"

"आई," ती म्हणाली, "तू गाठ मार."

मी गाठ मारली.